‘आम्हाला थोडी कुणकुण होती’ हे ग्राहकाला इंग्रजीत लिहावं का?

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात परदेशी ग्राहकांचा पत्रव्यवहार बघणाऱ्या एका तरुणानं प्रश्न विचारलाय. तो थोडक्यात असा. इंग्लंडच्या एका ग्राहकाचा माल आठवडाभर उशिरा निघाला. त्याबद्दल ईमेल करताना यानं लिहिलं, ‘वी हॅड ॲन इंकलिंग दॅट द शिपमेंट माइट बी लेट.’ मनात होतं की ‘उशीर होईल अशी थोडी कुणकुण आम्हाला होतीच’, म्हणजे आम्ही अगदीच गाफील नव्हतो. पलीकडून एका ओळीचं उत्तर आलं: ‘देन आय विश यू हॅड टोल्ड अस.’ म्हणजे, मग तेव्हाच सांगितलं असतं तर बरं झालं असतं. साहेब म्हणतात, शब्द चुकला. शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणतो, ‘हंच’ लिहायला हवं होतं. प्रश्नकर्त्याला हे हवंय की वाक्यात नेमकं काय चुकलं, आणि अर्धवट माहिती किंवा पुसटशी शंका इंग्रजीत मांडायची तर कोणता शब्द कधी वापरायचा.

मी सोलापुरात ऑफिसच्या कामाचं इंग्रजी शिकवते. त्याआधी बरीच वर्षं टॉवेल-चादरीच्या निर्यातीचा पत्रव्यवहार केलाय, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी रोजच्या कामातला आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या मनावरचं ओझं उतरवते. तुमचं वाक्य व्याकरणात बरोबर आहे आणि शब्दही बरोबर आहे. ग्राहकाला ते नीट समजलं, आणि समजलं म्हणूनच तो दुखावला. ‘इंकलिंग’च्या जागी ‘हंच’ लिहिलं असतं तरी उत्तर हेच आलं असतं. कारण भानगड ‘हॅड’मध्ये आहे. ‘आम्हाला कुणकुण होती’ असं म्हटलं की ‘केव्हापासून?’ हा प्रश्न उभा राहतो, आणि त्यापाठोपाठ ‘मग तोंड का उघडलं नाही?’ हा दुसरा. मराठीतही तेच होतं. लग्नाच्या सकाळी केटरर म्हणाला, ‘आचारी यायचे नाहीत अशी कुणकुण मला होती हो’, तर मुलीचा बाप त्याच्या दूरदृष्टीचं कौतुक करणार नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एक सवय लावते. शंका लिहायला बसलात की स्वतःला दोन गोष्टी विचारा: कशावरून? आणि केव्हापासून? ‘इंकलिंग’ हा शब्द ‘कशावरून’चं उत्तर देत नाही. ‘केव्हापासून’चं मात्र देऊन टाकतो, म्हणजे निदान ‘आधीपासून’ एवढं तरी. धंद्याच्या पत्रात ग्राहकाला याच्या बरोबर उलटं हवं असतं. तुम्हाला कशावरून वाटतंय ते त्याला कळायला हवं, आणि ते घडून जाण्याच्या आधी कळायला हवं.

आता शब्दाकडे वळू, कारण शब्द चांगला आहे आणि तो टाकून द्यावा असं मला अजिबात वाटत नाही.

‘इंकलिंग’चा शाईशी काही संबंध नाही. स्पेलिंग आय-एन-केनं सुरू होतं म्हणून मुलं हमखास तसं समजतात. मध्ययुगीन इंग्रजीत ‘इंकल’ अशासारखं एक क्रियापद होतं. त्याचा अर्थ हळू आवाजात बोलणं, कानाशी कुजबुजणं, सूचित करणं. त्यावरून हे नाम आलं. शाईचा ‘इंक’ वेगळ्या वाटेनं आला, ग्रीक-लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्फत. ऑक्सफर्डच्या काही लेखक-प्राध्यापकांनी १९३०च्या दशकात आपल्या मंडळीला ‘द इंकलिंग्ज’ असं नाव घेतलं, त्यात शाई आणि पुसट कल्पना या दोन्हींवरचा श्लेष होता. तो श्लेष तेवढ्यापुरता. मुळातला अर्थ कुजबुजीचा, आणि म्हणूनच आपली ‘कुणकुण’ त्याला इतकी जवळची वाटते. दोन्हींत माहिती कानाशी येते, धड येत नाही, आणि कोण बोललं ते सांगता येत नाही.

वापरण्याची रीत अशी. हे नाम आहे, आजच्या इंग्रजीत त्याचं क्रियापद कुणी वापरत नाही. ते बहुतेक वेळा एकवचनी असतं आणि त्याच्याआधी ‘ॲन’, ‘नो’, ‘एनी’, ‘द स्लाइटेस्ट’ किंवा ‘द फर्स्ट’ यांतलं काहीतरी येतं. पुढे ‘ऑफ’ आणि नाम, किंवा ‘दॅट’ आणि पूर्ण वाक्य. कुणाला इंकलिंग असतं, मिळतं किंवा कुणी ते देतं, म्हणजे हॅव, गेट, गिव्ह ही तीन क्रियापदं पुरतात. आपल्याकडची एक चूक मात्र ठरलेली: ‘आय ॲम हॅविंग ॲन इंकलिंग’. ‘मला कुणकुण लागते आहे’ हे डोक्यात असतं म्हणून ‘हॅविंग’ येतं. इथे साधं ‘आय हॅव’ लिहायचं, ‘आय हॅव अ क्वेश्चन’मध्ये लिहायचं तसंच.

आणि हा शब्द सगळ्यांत जास्त भेटतो तो नकारात. ‘वी हॅड नो इंकलिंग’, ‘शी डिडन्ट हॅव द स्लाइटेस्ट इंकलिंग’. आपण ‘गंधवार्ताही नव्हती’, ‘पुसटशीही कल्पना नव्हती’ म्हणतो ते हे. नकारात तो फार ठाम होतो. तुम्ही एक प्रकारे शब्द देता की आमच्या कानावर काहीही आलं नव्हतं, कुठलीही खूण दिसली नव्हती. हे मुद्दाम लिहितेय, कारण तुमच्यासारखा प्रसंग एकदा झाला की पुढच्या वेळी लोक नेमकं उलट टोक गाठतात आणि ‘वी हॅड नो इंकलिंग’ लिहून मोकळे होतात. ते खरं असेल तरच लिहा. सूत गिरणीचा आठ दिवसांपूर्वीचा ईमेल तुमच्याच मेलबॉक्समध्ये असताना हे लिहिलंत, आणि पुढे दाव्याच्या वेळी कुणी ती साखळी पुढे पाठवली, तर तो ग्राहक गेला म्हणून समजा.

होकारात हा शब्द मला सगळ्यांत आवडतो तो ‘द फर्स्ट इंकलिंग’ म्हणून. माल परत आला, तक्रार आली, आणि ग्राहकानं कारणांचा अहवाल मागितला की त्यात हमखास विचारलेलं असतं: तुम्हाला पहिल्यांदा कधी लक्षात आलं? तिथे हा शब्द चपखल बसतो. मी पाहिलेलं एक उदाहरण देते. चेकिंगच्या टेबलावर दोन टॉवेल ट्यूबलाइटखाली तंतोतंत एका शेडचे दिसत होते. तपासणाऱ्या बाईंना काहीतरी खटकलं. त्यांनी दोन्ही उचलून खिडकीशी नेले, तर उन्हात एकाला हिरवट झाक. वेगळ्या रंगांच्या मिश्रणातून एकच शेड साधलेली असली की एका उजेडात ती जुळते आणि दुसऱ्या उजेडात फुटते. म्हणून तर कारखान्यांत शेड तपासायला दिवसाच्या उजेडासारखा प्रमाणित दिवा, डी-६५, लावलेली पेटी ठेवतात. त्या अहवालातलं वाक्य होतं: ‘द फर्स्ट इंकलिंग ऑफ अ प्रॉब्लेम केम व्हेन द चेकर टुक टू टॉवेल्स टू द विंडो.’ कोणी, काय केल्यावर, काय दिसलं, सगळं त्यात आलं. शब्द पुसट, पण त्याच्या शेजारी ठोस गोष्ट ठेवलेली. तुमच्या वाक्यात ती ठोस गोष्ट नव्हती.

आता मित्रानं सुचवलेला ‘हंच’. हंच म्हणजे बाहेर कुठली खूण नसताना आतून वाटणं. ‘हंच’चा दुसरा एक अर्थ पाठीचं कुबड. ‘मनाचा कौल’ हा अर्थ अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळला. तुमच्या कारखान्यात काय घडलं होतं ते आठवा. तुम्ही लिहिलंय की सुताची गाडी गुरुवारी यायची ती आली नाही, ड्रायव्हरचा फोन लागेना, आणि गिरणीतला माणूस विचारलं की ‘निघालीय, निघालीय’ एवढंच म्हणायचा. ही आतून आलेली भावना नव्हे. तीन खुणा बाहेर दिसत होत्या. त्यामुळे हंच इथे बसतच नाही, आणि ग्राहकाला तर तो अजून हलका वाटला असता, जणू त्याच्या मालाचं वेळापत्रक कुणाच्या मनात काय आलं त्यावर चालतं. हंच आपसातल्या बोलण्यात ठेवा: ‘माय हंच इज दे विल ऑर्डर अगेन’, बस.

खरा धोका माझ्या मते इंकलिंग आणि हंच यांच्यात नाहीच. तो ‘डाउट’मध्ये आहे, आणि त्यावर मी वर्गात सगळ्यांत जास्त वेळ घालवते. आपण मराठी बोलताना सर्रास म्हणतो, ‘मला डाऊट आहे, सूत लेट येणार.’ इथे डाऊट म्हणजे शंका, भीती, अंदाज. तेच इंग्रजीत गेलं की होतं, ‘आय डाउट द यार्न विल बी लेट.’ इंग्लंड-अमेरिकेतला माणूस याचा अर्थ घेतो: सुताला उशीर होईल असं मला वाटत नाही. अगदी उलट. तुम्ही सावध करायला लिहिलंत आणि तो निश्चिंत झाला. स्कॉटलंडच्या बोलीत ‘डाउट’ अजूनही आपल्यासारखा, ‘असं होईलसं वाटतं’ या अर्थानं चालतो, पण त्यावर विसंबून पत्र लिहिता येत नाही. नियम सरळ आहे. डाउटनंतर जे येतं ते होणार नाही असं तुम्ही म्हणत असता. म्हणून ‘आय डाउट द यार्न विल अराइव्ह ऑन टाइम’ हे बरोबर, वेळेवर येईलसं वाटत नाही. आणि घडेल असं वाटत असेल तर क्रियापद ‘सस्पेक्ट’: ‘आय सस्पेक्ट द यार्न विल बी लेट.’

सस्पेक्ट म्हटलं की आपली मुलं दचकतात. ‘संशय’ हा शब्द आपल्याकडे कुणावर तरी घेतला जातो, त्याला चोरीचा, लबाडीचा वास असतो. इंग्रजीत तो पुढे काय येतं त्यावर ठरतो. ‘आय सस्पेक्ट यू आर राइट’ यात आरोप काहीच नाही, ‘तुमचंच बरोबर असावं’ एवढं सौम्य वाक्य आहे. ‘आय सस्पेक्ट द सप्लायर’ म्हटलं, म्हणजे क्रियापदानंतर थेट माणूस किंवा कंपनी आली, की तो आरोप झाला. वाक्य जोडा, माणूस जोडू नका, असं मी सांगते. ‘आय हॅव अ डाउट’ हेही आपल्याकडे ‘मला एक विचारायचंय’ या अर्थानं चालतं, शाळेपासून सवय असते. परदेशी ग्राहकाला तुमचा त्याच्यावर किंवा मालावर विश्वास नाही असं वाटू शकतं. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ लिहा.

सोलापूरचा म्हणून एक खास गुंता आहे, तो बाहेरच्या पुस्तकांत सापडायचा नाही. माझ्या वर्गात मराठी घरातल्या मुलांइतकीच तेलुगू आणि कन्नड घरातली मुलं असतात, काही घरी दखनी बोलणारी. मराठीत ‘अनुमान’ म्हणजे पुराव्यावरून तर्कानं काढलेला निष्कर्ष. तेलुगूतलं ‘अनुमानम्’ आणि कन्नडमधलं ‘अनुमान’ म्हणजे शंका, संशय. शहराच्या पूर्व भागातला, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकर घरातला एखादा सुपरवायझर मराठीत बोलताना म्हणतो, ‘माझं अनुमान आहे, हा लॉट रंग सोडणार.’ त्याला म्हणायचं असतं, मला शंका आहे. ऑफिसातला मराठी मुलगा ते निष्कर्ष समजतो आणि इंग्रजीत ‘वी हॅव कन्क्लूडेड’ लिहितो. शंकेचा निकाल झाला, आणि माग, डाइंग, ऑफिस या वाटेत कुणीच काही चुकीचं बोललेलं नव्हतं. म्हणून इंग्रजी शब्द शोधायच्या आधी खाली जाऊन विचारावं, ‘अण्णा, कशावरून म्हणताय?’ त्यांनी ओल्या फडक्यानं घासून रंग लागलेला पाहिला असेल, तर तेवढंच लिहायचं. शंका, अनुमान, संशय, कुठल्याच शब्दाची गरज उरत नाही.

‘कल्पना’चाही असाच घोटाळा होतो, आणि मला वाटतं तुमच्या प्रकरणात तोच मुळाशी असावा. साहेब सांगतात, ‘पार्टीला जरा कल्पना देऊन ठेव.’ म्हणजे आधी सांगून ठेव. पोरगं ते मनात घोळवत बसतं आणि लिहिताना ‘गिव्ह ॲन आयडिया’ किंवा ‘गिव्ह ॲन इंकलिंग’ करतं. इंग्रजीत ‘गिव्ह मी ॲन आयडिया’ म्हणजे मला काहीतरी सुचवा किंवा ढोबळ अंदाज द्या. ‘गिव्ह ॲन इंकलिंग’ म्हणजे आडून, अर्धवट सुचवणं, पुरतं न सांगणं. साहेबांना दोन्ही नको होतं. त्यांना हवं होतं ‘लेट देम नो’, आधीच कळवा. परिचयाचा ग्राहक असेल तर ‘जस्ट अ हेड्स-अप’ असं सुरू करूनही चालतं. ‘आम्हाला कल्पना होती’चंही तसंच, मराठीत ते सौम्य वाटतं, कारण आपण ते समजूतदारपणा दाखवायला वापरतो. इंग्रजी कागदावर उतरलं की ते माहिती असल्याची कबुली होतं.

बाकीचे वाक्प्रचार पटकन सांगते. ‘गेट विंड ऑफ’ म्हणजे लपवलेल्या गोष्टीचा सुगावा लागणं. बाजारातल्या बातमीसाठी ठीक, ग्राहकाच्या अंतर्गत गोष्टीबद्दल त्यालाच लिहिताना मुळीच नाही. ‘स्मेल अ रॅट’ म्हणजे यात काहीतरी काळंबेरं आहे असं वाटणं, हा उघड लबाडीचा आरोप, लेखी वापरूच नका. ‘क्लू’ नकारातच शोभतो आणि तोही घरगुती: ‘आय हॅवन्ट अ क्लू’ ग्राहकाला लिहिलंत तर बेफिकिरी दिसते. ‘हिंट’ दुसऱ्यानं द्यावी लागते, आपल्याला आपोआप होत नाही. ‘आय हॅव अ फीलिंग’ फोनवर बरा. आणि दोन शब्द असे आहेत जे आपल्याकडे फार कमी वापरले जातात पण धंद्याच्या पत्रात सोन्यासारखे आहेत: ‘आय गॅदर’ आणि ‘आय अंडरस्टँड फ्रॉम’. पहिला म्हणजे ‘कानावर आलंय, असं दिसतंय’, दुसरा म्हणजे ‘अमक्याकडून असं कळलंय’. ‘आय अंडरस्टँड फ्रॉम अवर स्पिनर दॅट द यार्न हॅज नॉट लेफ्ट येट.’ कुणाकडून कळलं ते आलं, काय कळलं ते आलं, आणि तुम्ही स्वतः खात्री दिली नाही हेही आलं.

यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे, ते झाकून ठेवत नाही. ग्राहक कोण, ओळख किती जुनी, यानं सूर बदलतो. जुन्या ग्राहकाशी फोनवर ‘आय हॅव ॲन इंकलिंग देअर इज ट्रबल ॲट द स्पिनिंग मिल’ असं बोललात, आणि तेही उशीर व्हायच्या आधी, तर ते आपुलकीचं वाटेल. तोच शब्द नव्या ग्राहकाच्या पहिल्याच ऑर्डरला पोकळ वाटेल. पैसे कसे यायचे आहेत त्यावरही ठरतं. एलसीवर, म्हणजे ग्राहकाच्या बँकेनं दिलेल्या पैशांच्या हमीपत्रावर, माल असेल तर त्यात शिपमेंटची शेवटची तारीख छापलेली असते. ती उलटली की बँक कागदपत्रांत तफावत दाखवते आणि पैसे अडकू शकतात. तारीख वाढवून घ्यायची तर ग्राहकाला त्याच्या बँकेकडे जायला वेळ लागतो. अशा वेळी अर्धी शंका असली तरी त्याच दिवशी कळवणं तुमच्याच फायद्याचं. उलट उशीर एका दिवसाचा असेल, मागावर भरून निघण्यासारखा असेल आणि जहाजाची तारीख हलणार नसेल, तर प्रत्येक बारीक धाकधूक ग्राहकाला कळवत बसू नये. तो घाबरतो, आणि खरी अडचण आल्यावर लक्ष देत नाही. रेषा कुठे आखायची हे साहेबांशी बोलून आधीच ठरवून घ्या. मी काम करायचे तेव्हा आमचा संकेत होता की आपल्या अंदाजानं ग्राहकाला काही बदलावं लागणार असेल, तर कळवायचं.

मग त्या गुरुवारी काय लिहायचं होतं? मी असं लिहिलं असतं:

‘द यार्न फॉर युअर ऑर्डर वॉज ड्यू टुडे अँड हॅज नॉट रीच्ड अस. इफ इट इज नॉट हिअर बाय सॅटर्डे, वी एक्स्पेक्ट द शिपमेंट टू बी अबाउट अ वीक लेट. आय विल राइट टू यू अगेन ऑन सॅटर्डे, आयदर वे.’

म्हणजे: तुमच्या ऑर्डरचं सूत आज यायचं होतं, आलेलं नाही. शनिवारपर्यंत आलं नाही तर माल आठवडाभर उशिरा निघेल असा आमचा अंदाज आहे. काहीही झालं तरी शनिवारी पुन्हा लिहितो. यात शंकेला नाव दिलेलं नाही. जे दिसलं ते पहिल्या वाक्यात आहे, जे वाटतं ते दुसऱ्यात, आणि पुढचं कधी कळेल ते तिसऱ्यात. शेवटचं ‘आयदर वे’ विसरू नका. सूत आलं तरी लिहायचं, कारण ग्राहक शनिवारी वाट बघत असतो. ‘मे’, ‘माइट’, ‘पॉसिबली’, ‘सम इश्यू’ असे शब्द एकावर एक चढवायची आपल्याला फार सवय आहे. एका वाक्यात अनिश्चितता एकदाच दाखवा. इथे ‘इफ’नं ते काम केलंय.

आता जे होऊन गेलंय त्याचं. ग्राहकाच्या त्या एका ओळीला उत्तर द्यायलाच हवं, आणि ‘इंकलिंग’चा अर्थ समजावून सांगणारं उत्तर द्यायचं नाही. ‘वी डिड नॉट मीन इट लाइक दॅट’ असं लिहिलंत की भांडण शब्दांवर जाईल आणि त्यात तो जिंकेल, भाषा त्याची आहे. माहीत होतं ते तारखेसकट सांगा. समजा गिरणीनं तुम्हाला नऊ तारखेला सांगितलं होतं:

‘ऑन द नाइन्थ अवर स्पिनर टोल्ड अस दॅट द यार्न वुड बी लेट. वी थॉट वी कुड मेक अप द टाइम, अँड वी डिड नॉट टेल यू. वी शुड हॅव.’

नऊ तारखेला सूत गिरणीनं उशीर होईल असं सांगितलं. वेळ भरून काढू असं आम्हाला वाटलं, म्हणून तुम्हाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. एवढंच. मग माल न्हावा शेवाहून कधी सुटला, कधी पोचेल आणि पुढच्या ऑर्डरला तुम्ही काय वेगळं करणार आहात. ‘काइंडली ॲडजस्ट’, ‘इनकन्व्हीनिअन्स इज रिग्रेटेड’ यांतलं काही घालू नका, त्या ओळी कुणी वाचत नाही.

एक काळजी मात्र घ्या. ‘वी शुड हॅव’ ही लेखी कबुली आहे. करारात उशिराबद्दल दंडाचं किंवा सवलतीचं कलम असेल तर हे वाक्य पुढे दाखवलं जाऊ शकतं. त्यामुळे पाठवण्याआधी करार काढून वाचा आणि साहेबांना मसुदा दाखवा. ते हे वाक्य काढा म्हणाले तर काढा, पण त्या जागी खोटं वाक्य टाकू देऊ नका. तारीख आणि घटना एवढ्या राहिल्या तरी पत्र प्रामाणिक राहतं. साहेब तारीखसुद्धा नको म्हणाले, तर ईमेलऐवजी त्यांनी स्वतः फोन करावा असं सुचवा. नव्या माणसानं लिहिलेल्या गोलगोल ईमेलपेक्षा मालकाचा तीन मिनिटांचा फोन ग्राहकाला जास्त पटतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

आणि ते पत्र आजच जाऊ द्या. इंग्लंडचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेपाच. उन्हाळ्यात दुपारी दीडच्या आत, हिवाळ्यात अडीचच्या आत पाठवलंत, तर ते सकाळी नऊला टेबलाशी बसतील तेव्हा तुमचं उत्तर समोर असेल.